शेवटच्या दोन चिठ्ठ्या

‘चिठ्ठी मीच उचलनार. माझ्या नशिबाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हातानं नगं,’ हौसामावशी म्हणाली. ऑपरेशनच्या टेबलावर आडवी झाली तरी तिचा कारभार सुटला नव्हता. ‘आना हिकडं डबा, बाई.’

मी डबा तिच्यापुढे धरला. खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता तो, झाकण एका बाजूनं चेपलेलं. आत दोन चिठ्ठ्या उरल्या होत्या. आधीच्या अठ्ठेचाळीस संपल्या होत्या, आणि त्या प्रत्येक वेळी डबा पेशंटपुढे धरणारी हौसामावशीच होती. हळदीकुंकवाची कोयरी फिरवावी तसा ती तो फिरवायची. आज डबा माझ्या हातात आला होता आणि मावशी टेबलावर होती.

तिनं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत कुठल्याशा देवाला हाक मारली, एक चिठ्ठी उचलली आणि उलगडून माझ्या हातात दिली.

‘काय आलं?’

दाराबाहेर हात धुणारे सर्जन डॉक्टर नाडगौडा तिसऱ्यांदा ओरडले, ‘झोपवली का नाही अजून? का मीच येऊन अंगाई म्हणू?’

मी चिठ्ठी बघितली.

‘चार,’ मी म्हणाले. ‘चार श्वास.’

मावशीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. मी चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात टाकली.

या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. रुग्णालय सरकारी होतं आणि कृष्णाकाठी होतं, एवढंच सांगते. नाव सांगत नाही, कारण यातलं एकजण अजून हयात आहे आणि त्यांचा राग अजूनही नाकाच्या शेंड्यावर असतो. मी तेव्हा भूलशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. माझं नाव हेमलता बिडकर, पण थिएटरात मला सगळे ‘प्रबंधवाली’ म्हणायचे, कारण दीड वर्ष मी त्या प्रबंधापायी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं.

प्रबंध कशाचा होता ते सांगायला हवं. भुलीच्या औषधानं पेशंट झोपतो, मागोमाग दिलेल्या दुसऱ्या औषधानं त्याचे स्नायू ढिले पडतात आणि श्वास थांबतो. श्वास थांबल्यापासून घशात नळी घालून आम्ही तो पुन्हा सुरू करेपर्यंत माणूस छातीत साठवलेल्या ऑक्सिजनच्या शिदोरीवर जगतो. म्हणून आधी मास्क लावून ती शिदोरी बांधून द्यायची. बांधायच्या रीती दोन. एक जुनी, तीन मिनिटं मास्क घट्ट धरून पेशंटला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यायचा. दुसरी घाईची, अर्ध्या मिनिटात चार खोल श्वास. दोन्हींत जास्त कोणती टिकते, हे मला पन्नास पेशंटांवर बघायचं होतं. पंचवीस चिठ्ठ्यांवर मी तीनचा आकडा लिहिला, पंचवीसांवर चारचा, आणि डबा हलवला. पेशंटनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी उचलायची. त्यात माझी आवडनिवड नको, म्हणून हा सगळा खटाटोप.

बोटाला चिमट्यासारखं लावायचं नवं यंत्र नुकतंच आमच्याकडे आलं होतं. रक्तात ऑक्सिजन किती ते त्यावर दिसायचं, आणि प्रत्येक ठोक्याला ते टिक् करायचं. ऑक्सिजन उतरला की तो टिक् आवाजही खाली खाली उतरायचा. शंभरावरून पंचाण्णववर यायला किती सेकंद लागतात तेवढे मी वहीत लिहायची आणि लगेच श्वास सुरू करायची.

अठ्ठेचाळीस पेशंटांनंतर निकाल जवळजवळ सारखा होता. माझे मार्गदर्शक भडकमकर सर खूश होते. ‘चार श्वासांत भागतंय म्हणजे सर्जन लोक तुझा पुतळा उभा करतील,’ ते म्हणायचे. ‘त्यांना तीन मिनिटं म्हणजे तीन वर्षं वाटतात.’

पण या निकालातला अर्धा वाटा कुणाचा होता हे त्यांनाही कळलं नव्हतं आणि मलाही.

हौसामावशी थिएटरातली आया. पंचावन्नची, बुटकी, अंगानं भरलेली. मान अशी तिला जवळजवळ नव्हतीच. हिरवे कपडे उकळायचे, ट्रॉली ढकलायची, ऑपरेशन संपताना रक्ताळलेले गॉजचे तुकडे मोजून ‘चौदा!’ म्हणून ओरडायचं, ही तिची कामं. मास्क धरणं हे तिचं काम नव्हे. पण माझा एक हात औषधाच्या सिरिंजला अडकलेला असायचा, म्हणून पहिल्याच पेशंटला तिनं आपणहून मास्क दोन्ही हातांनी दाबून धरला आणि वर त्याला शिकवूही लागली. पोहणाऱ्या पोराला ती म्हणायची, ‘नदीत बुडी मारायच्या आदी दम भरतोस का न्हाई? तसा भर. तळाला पैसा पडलाय समज.’ बाईला म्हणायची, ‘भरली घागर डोईवर घिताना छाती कशी फुगती? तशी फुगव.’ आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या थिएटरातला पेशंटही खोल श्वास घ्यायला लागावा. माणसं तिचं ऐकायची. भेदरलेली माणसंसुद्धा हसून छाती भरून घ्यायची.

त्या मावशीला पित्ताचे खडे झाले. महिनाभर पोट धरून काम करत होती, मग एक दिवस ट्रॉलीवरच वाकली. नाडगौडांनी तपासून ऑपरेशन ठरवलं. मी भूल द्यायची, हे मावशीनंच ठरवलं.

आदल्या दुपारी मी वॉर्डात तिला तपासायला गेले. भूल देण्याआधी पेशंटचं तोंड किती उघडतं हे बघायचं असतं, कारण नळी त्यातूनच जाते. मी म्हटलं, ‘मावशी, आ करा.’

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. ‘आता गं बया! माझं त्वांड काय बगायचं? रोज तर बगताय.’

‘तरीही करा.’

‘मिश्री लावलेलं हाय, बाई. काळं त्वांड तुमाला दावू व्हय?’

मीही हसले, आणि कागदावर ‘तोंड व्यवस्थित उघडते’ असं लिहून मोकळी झाले. परका पेशंट असता तर मी त्याचे ओठ माझ्या बोटांनी फाकवून बघितले असते. ही आमचीच मावशी. घरच्या माणसाला कोण तपासतं? चाळीस वर्षं लावलेल्या तंबाखूच्या मिश्रीनं तिचे गाल आतून कातड्यासारखे ताठरले होते आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

तर, मी चार म्हणाले आणि मास्क लावला.

माझ्या एका हातात सिरिंज होती. दुसऱ्या हातानं मास्क धरला, पण मावशीच्या दाढा पडून गाल बसले होते आणि मास्कच्या कडेनं हवा फुसफुसत होती. दाबून धरायला मावशी नव्हती. आजवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की माझ्या प्रत्येक पेशंटला तीन हात लागत होते.

‘मोठा श्वास घ्या,’ मी म्हणाले. शाळेत पाढे म्हणतात तशा सुरात.

तिनं श्वास घेतला आणि मध्येच थांबली. ‘कळ येतीया, बाई. हितं, बरगडीखाली.’

खडे असलेल्या पेशंटला खोल श्वास घेताना तिथेच कळ येते. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी त्यावर दोन पानं लिहिली असती.

‘होईल तेवढा घ्या. हा दुसरा. तिसरा.’

‘बिडकर!’ नाडगौडा हात वर धरून आत आले. ‘दहाला मला बाहेर पडायचंय. तुझा प्रबंध होईस्तोवर माझं वय होईल.’

‘चौथा,’ मी म्हणाले.

ते चार श्वास नव्हतेच. रडून थकलेलं मूल घेतं तसे चार हुंदके होते. पण यंत्रावर नव्व्याण्णव दिसत होतं, आणि मी त्या नव्व्याण्णववर विसंबले. नळाची धार जोरात आहे म्हणून हंडा भरला असं होत नाही. बोटावरचा आकडा धार दाखवतो, हंडा नाही. हे वाक्य मी नंतर शेकडो विद्यार्थ्यांना सांगितलं. त्या सकाळी ते मला कुणी सांगितलं असतं तर!

औषध गेलं. मावशीनं माझ्याकडे बघत डोळे मिटले. दुसरं औषध गेलं, अंगभर बारीक थरथर आली आणि श्वास थांबला.

मी तोंड उघडायला गेले. ते उघडेना.

आधी मला वाटलं, औषध अजून चढलेलं नाही. दहा सेकंद थांबले. पुन्हा प्रयत्न केला. दोन बोटं, बस्स. घसा दिसावा म्हणून घालायचं दिव्याचं पातं कसंबसं आत सरकवलं तर समोर नुसती जीभ. टिक् टिक् चालूच होतं. माझ्या हिशेबानं अजून पुष्कळ वेळ होता. माझ्या वहीप्रमाणे चार श्वासांवर माणूस चार मिनिटं सहज काढत होता.

सव्वा मिनिटातच आवाज उतरला. मी यंत्राकडे बघितलं. त्र्याण्णव.

‘मास्कनं श्वास दे,’ नाडगौडा म्हणाले. आता ते ओरडत नव्हते.

मी मास्क लावला, त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबला. हवा गालांच्या कडेनं निघून गेली. छाती हलली नाही. नर्सनं दोन्ही हातांनी मास्क दाबून धरला, मी जबडा पुढे ओढला, पुन्हा दाबला. छाती हलली नाही. शहाऐंशी. जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची वाकडी नळी घातली तर ती ताठर गालांत अडकली आणि हिरड्यांतून रक्त आलं. अठ्ठ्याहत्तर.

‘भडकमकर सरांना बोलवा!’ मी किंचाळले. सर वरच्या मजल्यावर वर्ग घेत होते. कुणीतरी पळालं.

पुन्हा पातं घातलं. आता जिभेबरोबर रक्तही. काही दिसत नव्हतं. मी आंधळेपणानं नळी ढकलली, ती अन्ननलिकेत गेली, काढली, पुन्हा ढकलली. मावशीच्या घशात मी काय काय फाडत होते ते देव जाणे. पासष्ट. तिचे ओठ जांभळे झाले, मग नखं, मग कानाच्या पाळ्या. टिक् आवाज इतका खाली गेला की तो खोल विहिरीतून आल्यासारखा वाटत होता, आणि दोन ठोक्यांतलं अंतर वाढत चाललं होतं.

‘मावशी,’ मी म्हणत होते. ‘मावशी, घ्या ना श्वास. मावशी, घ्या हो.’ जिचे स्नायू मीच बंद पाडले होते तिची मी विनवणी करत होते. लाज सांगायची तर त्या क्षणी मला असंही वाटून गेलं, की हे टेबल माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या हाती असतं तर बरं झालं असतं. मावशी वाचली असती म्हणून नव्हे, मी सुटले असते म्हणून.

पन्नास. एक्केचाळीस.

‘बाजूला हो,’ नाडगौडा म्हणाले.

पोटावर चालवायला घेतलेली सुरी त्यांनी मावशीच्या गळ्यावर चालवली. मान नसलेल्या त्या गळ्यात श्वासनलिका शोधायला त्यांना किती वेळ लागला असेल, अर्धं मिनिट की एक, मला सांगता येणार नाही. मी आकड्याकडे बघणं सोडलं होतं. फस्स असा आवाज आला, रक्ताचे बुडबुडे आले, आणि त्यांनी त्या भोकातून नळी आत घातली. मी फुगा दाबला. छाती वर आली.

नाडगौडांना दीड वर्ष मी मनातल्या मनात शिव्या घालत आले होते. त्या दिवशी मी त्यांचे पाय धरले असते, पण माझे दोन्ही हात फुग्याला अडकले होते.

भडकमकर सर धापा टाकत आले तेव्हा यंत्र ब्याण्णव दाखवत होतं. त्यांनी मावशीच्या बाहुल्यांवर बॅटरी मारली, विझवली आणि पुन्हा मारली.

दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. ‘जागी होईल का सांगता येत नाही. झाली तर मेंदू किती शिल्लक असेल तेही सांगता येत नाही.’ मग चष्मा पुसत म्हणाले, ‘ही केस प्रबंधातून वगळ. तोंड उघडत नव्हतं, असं कारण दे. चिठ्ठी चार आली होती ना?’

‘हो,’ मी म्हणाले.

दोन दिवस मावशी शुद्धीवर आली नाही. मी तिच्या खाटेशी बसून होते. तिची मुलगी कमल इचलकरंजीहून आली, खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली. ती मला एका शब्दानं बोलली नाही, रागावलीही नाही. दुसऱ्या दिवशी मला चहा आणून देत म्हणाली, ‘आईनं सांगावा धाडला हुता, भूल आपल्या बाई देनार हायत, तू सुट्टी काडून येऊ नगंस. म्हून मी आदी आलो न्हाई.’ मी तो चहा प्यायले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं डोळे उघडले.

गळ्यात नळी असलेल्या माणसाला बोलता येत नाही. आवाज तोंडापर्यंत पोचतच नाही. भडकमकर सर आले, तिच्यावर वाकले. ‘हौसाबाई, ऐकू येतं का? हात दाबा.’ तिनं दाबला. ‘किती बोटं?’ सरांनी दोन बोटं दाखवली. मावशीनं दोन दाखवली. सरांनी पंजा दाखवला. तिनं पंजा दाखवला. कमल तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

‘तूही विचार,’ सर मला म्हणाले. ‘ओळखते का बघू.’

मी पुढे झाले. मावशीची नजर माझ्यावर ठरली. ‘मावशी, किती?’ मी हात वर केला. चार बोटं का वर आली ते मला माहीत नाही, आली खरी.

मावशीनं तीन दाखवली.

सर पुढे सरकले. ‘पुन्हा.’

मी पुन्हा चार दाखवली. तिनं माझ्या डोळ्यांत बघत करंगळी आणि अंगठा दुमडला आणि तीन बोटं माझ्या नाकासमोर धरली. बोटं ठाम होती.

सरांनी स्वतः चार दाखवून बघितली. त्यांना तिनं चार दाखवली. मग माझ्याकडे बोट केलं, आणि पुन्हा तीन.

‘गोंधळतेय,’ सर हळूच इंग्रजीत म्हणाले आणि खाटेला लावलेला कागद ओढून घेतला. ‘ऑक्सिजन कमी पडल्याचा परिणाम. आता हिला थिएटरात ठेवणं कठीण. गॉज मोजायचे असतात.’ आणि त्यांनी पेन उघडलं.

त्या कागदावर ‘मेंदूला इजा’ असं एकदा लिहिलं गेलं असतं की मावशीची नोकरी गेली असती. तिला शहाणी ठरवणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते गप्प राहिलं असतं तर त्याचा प्रबंध बिनडाग पार पडला असता. प्रबंध, परीक्षा, पुण्याला ठरलेली नोकरी, सगळं. मी पेनाचं टोक कागदाला टेकताना बघितलं.

‘सर, ती गोंधळलेली नाही,’ मी म्हणाले. ‘ती बरोबर सांगतेय.’

‘काय बरोबर?’

माझ्या ॲप्रनच्या खिशात ती चिठ्ठी अजून होती. तीन दिवस मी तो ॲप्रन धुवायला टाकला नव्हता आणि चिठ्ठी फेकलीही नव्हती. मी ती काढून सरांच्या हातात दिली.

चिठ्ठीवर तीन होतं.

‘तीन मिनिटं द्यायची होती,’ मी म्हणाले. ‘नाडगौडा सर ओरडत होते. मी चार म्हणून सांगितलं. डब्यात उरलेल्या चिठ्ठीवर चार आहे, ती मी पुढच्या पेशंटला तीन म्हणून खपवणार होते. मला वाटलं मावशीला वाचता येत नाही.’ आणि मग जे दोन दिवस खाटेशी बसून मला कळलं होतं तेही सांगून टाकलं. ‘आणि सर, चार श्वासांचे जे चांगले आकडे आलेत ते चार श्वासांचे नाहीत. ते हिचे आहेत. मास्क ही दाबून धरत होती. दम भरायला ही शिकवत होती. मी फक्त सेकंद लिहीत होते.’

सरांनी चिठ्ठी उलटसुलट बघितली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

‘अडीच मिनिटं, हेमलता,’ ते म्हणाले. ‘एवढीच वाचवलीस ना?’

कागदावर त्यांनी ‘पूर्ण शुद्धीवर, भान उत्तम’ असं लिहिलं आणि सही करून गेले. कमल माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. ती उठली आणि मावशीच्या आणि माझ्या मधे येऊन बसली. मी खाटेशी बसायचं सोडलं.

प्रबंधात मी ती केस खरी होती तशी लिहिली. चिठ्ठी तीनची, दिले चार, देणारी मीच. प्रबंध फेटाळला गेला, पुण्याची नोकरी गेली, परीक्षा एक वर्षानं दिली. हे सांगताना मला काही मोठेपणा वाटत नाही. कमलनं मला कधी माफ केलं नाही आणि तिचं काही चुकलं नाही.

मावशीचं पित्ताशय गळ्यात नळी होती तेव्हाच काढून घेतलं. भूल भडकमकर सरांनी दिली. नळी निघाली, भोक भरलं, पण आवाज परत आला नाही. मी घशात जे काही ओरबाडलं होतं त्याचा तो जन्माचा दंड, आणि भरला तिनं. तो खणखणीत आवाज जाऊन नुसती फुसफुस उरली. दीड महिन्यानं ती कामावर आली तेव्हा मी उकळलेल्या कपड्यांच्या खोलीत तिला गाठलं.

‘तीन दिसलं होतं, तर बोलला का नाहीत मावशी?’

ती कान देऊन ऐकावं लागेल अशा आवाजात म्हणाली, ‘आकडं वाचता येत्यात मला. त्याबगर गॉज मोजती का, घड्याळ बगती का?’ थोडा दम घेऊन पुढे म्हणाली, ‘भाइर सायेब वरडत हुतं. तुमी बी घाईत हुता. मला वाटलं, मावशीला चार पुरं हुतील असं बाईंनी बगितलं आसंल. आनि खरं सांगू? मी एवड्या जनांना दम शिकवला, मला काय चारबी पुरनार न्हाईत व्हय, असं मला बी वाटलं.’

‘मग खाटेवर तीन बोटं का दाखवलीत?’

‘तुमी पुन्यांदा चार दावली की!’ ती म्हणाली. ‘मला राग आला.’

मी रडायला लागले. तिनं माझी समजूत घातली नाही. हिरवे कपडे घडी करत राहिली, आणि घडी संपल्यावर म्हणाली, ‘चला. पेशंट टेबलावर हाय.’

टेबलावर हर्नियाचा एक म्हातारा पैलवान होता, थंडी वाजल्यासारखा कापत. मावशीनं डोक्याशी उभं राहून दोन्ही हातांनी मास्क दाबून धरला आणि माझ्याकडे बघून हनुवटीनं खूण केली. बोल.

मी बोलायला लागले. माझा आवाज तिच्यासारखा नव्हता, बोली तर मुळीच नव्हती. ‘नदीत बुडी मारायच्या आधी दम कसा भरता बाबा?’ मी म्हणाले. ‘तसाच भरा. सावकाश. तळाला पैसा पडलाय समजा.’ म्हातारा मास्कच्या आत हसला. मावशीचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते.

एक मिनिट झालं असेल. दार ढकलून नाडगौडा आत आले. ‘बिडकर, झोपवलास का—’

मावशीनं एक हात मास्कवर तसाच घट्ट ठेवला आणि दुसरा वर केला. तीन बोटं. गळ्यावरच्या त्या लालसर वणाच्या वर, सर्जनच्या तोंडासमोर. नाडगौडांची नजर बोटांवरून त्या वणावर गेली. ते तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले.

मी बोलत राहिले. सेकंदाचा काटा तिसरी फेरी पुरी करेपर्यंत मावशीनं हात खाली घेतला नाही.